नागपुरात दत्तक संस्था निवडताना: आधी काय तपासायचं, कुणाला काय विचारायचं

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही 38 वर्षांच्या, तुमचे मिस्टर 41 चे. मानेवाड्याला राहता, लग्नाला नऊ वर्षं झाली, आयव्हीएफचे दोन प्रयत्न वाया गेले आणि आता दोघांचं दत्तक घ्यायचं ठरलंय. नागपुरातली भरवशाची संस्था कोणती, असं तुम्ही विचारलंय. पण शेवटच्या दोन ओळींत एक वेगळीच गोष्ट लिहिली आहे. मावससासूबाईंच्या ओळखीची एका खासगी दवाखान्यातली बाई म्हणते, संस्थेच्या भानगडीत पडू नका, मी महिन्याभरात नवजात बाळ मिळवून देते, वकील स्टॅम्प पेपरवर दत्तकपत्र करून देईल, सगळे मिळून अडीच लाख.

म्हणजे खरा प्रश्न दोन संस्थांमधून एक निवडण्याचा नाहीच. मूल कायदेशीर आणि निर्मळ मार्गाने घरी येतंय की नाही हे कसं ओळखायचं, आणि तोवरची लांबलचक वाट कशी सोसायची, हा तुमचा प्रश्न आहे. मी दत्तक क्षेत्रात समाजकार्यकर्ती म्हणून काम करते. भावी पालकांच्या गृहभेटी, अहवाल, मूल घरी गेल्यावरचा पाठपुरावा, हेच माझं रोजचं काम. त्या अनुभवावरून सांगते.

पहिली गोष्ट अशी की दुकानं फिरून माल पसंत करावा तशी दत्तक संस्था निवडायची सोय आपल्याकडे आता राहिलेली नाही, आणि ते चांगलंच झालंय. पूर्वी लोक थेट अनाथालयात जायचे, ओळखी काढायचे, ‘गोरं असेल तर सांगा’ म्हणून नंबर ठेवून यायचे. आज नोंदणी ‘कारा’च्या, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या पोर्टलवर होते आणि मूल सुचवलं जातं ते ज्येष्ठता यादीप्रमाणे. कुठल्याही संस्थेला ‘हे बाळ या जोडप्याला’ असं परस्पर ठरवता येत नाही. त्यामुळे ‘आमच्याकडे नाव लावा, तुमचा नंबर लवकर लावून देतो’ असं कुणी म्हणालं, मग तो संस्थेचा विश्वस्त का असेना, तिथून उठून यायचं.

तरीही संस्थेशी तुमचा संबंध दोनदा येतो. एकदा सुरुवातीला, गृह अध्ययन अहवालासाठी, म्हणजे तुमच्या घरी येऊन, तुमच्याशी बोलून लिहिला जातो त्या अहवालासाठी. तो तुमच्या जवळची मान्यताप्राप्त विशेष दत्तक संस्था करते किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडून होतो. दुसऱ्यांदा, जेव्हा तुम्हाला मूल सुचवलं जातं तेव्हा. ते मूल नागपुरातच असेल असं नाही. अमरावतीचं असेल, पुण्याचं असेल, परराज्यातलंही असू शकेल. म्हणजे ज्या संस्थेवर सगळ्यात जास्त भरवसा ठेवायचा, तिचं नाव आज तुम्हाला माहीतही नाही. म्हणून ‘नागपुरातली चांगली संस्था’ याचं एक नाव देण्यापेक्षा संस्था पारखायची कशी हे सांगितलेलं तुमच्या जास्त कामाचं.

मान्यतेपासून सुरुवात करू, कारण इथे सुशिक्षित माणसंसुद्धा गोंधळतात. भिंतीवर धर्मादाय आयुक्तांचं नोंदणीपत्र टांगलेलं असतं, आयकराच्या सवलतीचं पत्र असतं, मंत्र्यांसोबतचे फोटो असतात. यातल्या कशानेही दत्तक देण्याचा अधिकार मिळत नाही. बालगृह वेगळं, शिशुगृह वेगळं आणि विशेष दत्तक संस्था वेगळी. बाल न्याय अधिनियम 2015 प्रमाणे राज्य शासनाने दत्तकासाठी स्वतंत्र मान्यता दिलेली असावी लागते, तिला मुदत असते आणि मुदत संपली की नूतनीकरण करावं लागतं. काराच्या संकेतस्थळावर राज्यवार यादी आहे. तिथे संस्थेचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का पाहा, कारण मिळत्याजुळत्या नावांचे ट्रस्ट बरेच असतात. मग संस्थेत जाऊन मान्यतेचं प्रमाणपत्र मागा आणि त्यावरची मुदतीची तारीख वाचा. चांगली संस्था हे मागितल्यावर रागावत नाही. तरी शंका उरली तर जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात किंवा बाल संरक्षण कक्षात विचारा. त्यांचं ते कामच आहे, तुम्ही उपकार मागत नसता.

पैशाचं सरळ आहे. सगळी शुल्कं दत्तक नियमावली 2022 च्या अनुसूचीत छापलेली आहेत: गृह अध्ययन अहवालाचे 6,000 रुपये, मूल घेताना संस्थेच्या बाल निगा निधीत भरायची ठरीव रक्कम आणि नंतरच्या पाठपुरावा भेटींचं शुल्क. अनुसूची उघडून आकडे स्वतः वाचा, पैसे बँकेतूनच द्या आणि पावती घ्या. त्याबाहेर देणगी, वॉर्डाला पंखा, मुलांना एक दिवसाचं जेवण, काहीही दत्तकाशी जोडून संस्थेला घेता येत नाही. तुम्हाला मनापासून द्यावंसं वाटलं तरी सगळं पूर्ण होईपर्यंत देऊ नका.

आता गृह अध्ययनाकडे येते. याची लोकांना उगाच धास्ती असते. घर किती मोठं, फ्रिज कोणता, हे बघायला आम्ही येत नाही. मानेवाड्याच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मूल छान वाढतं. आम्हाला कळून घ्यायचं असतं ते असं: गेलेल्या प्रयत्नांचं दुःख तुम्ही दोघं एकमेकांशी बोलला आहात का. सासूबाई ‘आपल्या रक्ताचं नाही’ म्हणाल्या तर तुमचे मिस्टर काय म्हणतील. मूल सावळं असलं, उशिरा बोललं, तुमच्यासारखं अजिबात दिसलं नाही, तर घरात काय होईल. त्याला दत्तक असल्याचं कधी आणि कोण सांगणार. चांगली समाजकार्यकर्ती दोघांशी एकत्र बोलते आणि वेगवेगळंही बोलते, घरातल्या आजी-आजोबांशी बोलते, घाई करत नाही. एखादीने फोनवरच ‘कागद पाठवा, मी लिहून टाकते’ म्हटलं तर तुमची सोय होईल, पण तुमचं नुकसान आहे. हा अहवाल तीन वर्षं चालतो, पुढे मूल सुचवताना तोच आधार असतो, आणि त्या गप्पांतून तुमचीही तयारी होते. संस्था दत्तक पालकांचे मेळावे घेते का, चार वर्षांपूर्वी मूल घेतलेल्या एखाद्या कुटुंबाशी गाठ घालून देईल का, हे जरूर विचारा. ज्या संस्थेकडे जुनी कुटुंबं मुलांना घेऊन पुन्हा पुन्हा येतात, तिथे काहीतरी नीट चाललेलं असतं, असा माझा अनुभव आहे.

दुसरा टप्पा मूल सुचवल्यावरचा. मुलाचा फोटो, चाइल्ड स्टडी रिपोर्ट आणि वैद्यकीय अहवाल पोर्टलवर दिसतो. राखून ठेवायला 48 तास मिळतात आणि त्यानंतर 30 दिवसांत संस्थेत जाऊन, मुलाला भेटून निर्णय द्यायचा असतो. या काळात पालक इतके भारावलेले असतात की कागद वाचायचे राहून जातात. म्हणून कागदांबद्दल थोडं जास्त लिहिते.

सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे बाल कल्याण समितीने (जिल्ह्यातल्या अशा मुलांबाबत निर्णय घेणारी समिती) मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त असल्याचं दिलेलं प्रमाणपत्र. आमच्या बोलण्यात ‘मूल फ्री झालं का’ असं असतं. या कागदामागे काय असतं ते समजून घ्या. एखादी आई मूल स्वाधीन करायला येते तेव्हा तिला समितीसमोर बसवून समुपदेशन केलं जातं, स्वाधीनपत्र लिहून घेतलं जातं, आणि त्यानंतर तिला विचार बदलायला 60 दिवस दिले जातात. या दिवसांत बाळ संस्थेत असतं आणि कुणालाही देता येत नाही. टाकून दिलेलं मूल असेल तर वर्तमानपत्रातून प्रसिद्धी, पोलिसांचा अहवाल, पालकांचा शोध, हे सगळं व्हावं लागतं. काही आया खरोखर परत येतात. एका कोवळ्या वयाच्या बाळंतीण मुलीचे वडील तिला घेऊन आले होते, सगळं ठरवून, चेहरा दगडासारखा करून. मुदत संपायच्या आत तेच गृहस्थ एकटे आले, टेबलावर दुपट्याची पिशवी ठेवली आणि म्हणाले, ‘नातवाला नेतो जी.’ त्या बाळासाठी वाट पाहणाऱ्या एखाद्या जोडप्याला आम्ही ते घाईने देऊन बसलो असतो तर तीन घरं उद्ध्वस्त झाली असती. भरवशाची संस्था मी यावरूनच ओळखते: पालकांच्या घाईपुढे ती मुलाच्या कागदात एका दिवसाचीही सूट देत नाही. तुम्हाला ती संस्था कोरडी, आडमुठी वाटेल, पण तिचा तो आडमुठेपणा पुढे तुमच्याच मुलाच्या कामी येतो.

मग वैद्यकीय अहवाल. तुमच्या विश्वासातल्या बालरोगतज्ज्ञाला तो दाखवायचा तुम्हाला हक्क आहे. वजनाचा तक्ता एका तारखेचा नको, महिन्या-महिन्याचा मागा. रेघ वर चढतेय का ते डॉक्टर एका नजरेत सांगतील. लसीकरणाचं कार्ड, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी च्या तपासण्या बघा. आणि विदर्भातलं मूल असेल तर सिकलसेलची तपासणी आवर्जून विचारा. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आपल्या भागात अनेक समाजांत आढळतो. इथे एक बारकावा आहे जो पालकांना कुणी सांगत नाही. लहान बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन बरंच शिल्लक असतं, त्यामुळे सहा महिन्यांच्या आत साधी सोल्युबिलिटी तपासणी निगेटिव्ह आली तरी तिच्यावर विसंबता येत नाही. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या नेमकं निदान करणाऱ्या रक्ततपासण्यांपैकी एखादी केलीय का, ते विचारा. आणि अहवालात ‘एएस’ लिहिलेलं दिसलं म्हणून घाबरून मूल नाकारू नका. ते फक्त वाहक असतं, सर्वसाधारणपणे निरोगी आयुष्य जगतं. ‘एसएस’ म्हणजे प्रत्यक्ष आजार. तिथे मात्र आयुष्यभराच्या उपचारांची तयारी आहे का, हे दोघांनी शांतपणे ठरवायचं. हा फरक समजावून सांगायला जी संस्था तुमच्यासाठी अर्धा तास काढते, ती चांगली.

संस्थेत गेल्यावर कार्यालयातच बसून राहू नका. मुलांच्या खोलीचं दार उघडतं तेव्हा मुलं काय करतात ते पाहा. अनोळखी माणसाच्या गळ्यात लगेच पडणारी मुलं बघून आपल्याला भरून येतं, पण एकाच मावशीच्या पदराला धरून तुमच्याकडे संशयाने बघणारं मूल मला जास्त आश्वस्त करतं. त्याला कुणीतरी आपलं माणूस मिळालेलं असतं आणि ज्याला एकदा जीव लावता आला, त्याला तुमच्यावरही जीव लावता येतो. सांभाळणाऱ्या मावशींना सहज विचारा: हा झोपतो कसा, कुशीवर की पाठीवर? भात आवडतो की खिचडी? रडायला लागला की काय केल्याने थांबतो? मावशीने क्षणात उत्तर दिलं, वर ‘दूध कोमट लागतं बरं का त्याला’ असं दोन गोष्टी जास्तीच्या सांगितल्या, तर ते मूल चांगल्या हातांत होतं. रजिस्टर उघडावं लागलं तर एका मावशीकडे किती मुलं आहेत ते विचारा. मूल घरी नेताना त्याचं रोजचं दुपटं किंवा पांघरूण मागून घ्या, न धुता. ओळखीच्या वासाने पहिल्या रात्री फार आधार मिळतो.

पुढची प्रक्रिया थोडक्यात. पसंती दिली की मूल दत्तकपूर्व संगोपनासाठी तुमच्या घरी येतं. 2021 च्या दुरुस्तीनंतर, 1 सप्टेंबर 2022 पासून, दत्तक आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. मूल ज्या जिल्ह्यातल्या संस्थेतलं असेल तिथले. आदेशावरून तुमच्या नावाचा जन्मदाखला मिळतो. त्यानंतर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी पाठपुरावा असतो. ज्या संस्थेत हा पाठपुरावा नुसता फोनवर उरकला जातो तिच्याबद्दल माझं मत बरं नाही, कारण खरे प्रश्न दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत बोलले जातात, तेही चहा झाल्यावर.

आता वाट पाहण्याबद्दल. दवाखान्यातल्या त्या बाईचं एक म्हणणं खरं आहे: संस्थेच्या मार्गाने वेळ लागतो. दोन वर्षांखालच्या निरोगी बाळासाठी तीन वर्षं किंवा त्याहून जास्त थांबावं लागू शकतं, कारण नोंदलेले पालक फार आणि मुक्त झालेली मुलं थोडी. किती लागेल हे तुमच्या पसंतीवर अवलंबून आहे: वय, मुलगा की मुलगी, कुठलं राज्य, आरोग्याच्या बाबतीत तुम्ही काय पेलू शकता. तुमच्या बाबतीत वयाचं गणितही आहे. तुमच्या दोघांच्या वयांची बेरीज आज 79. दोन वर्षांखालच्या मुलासाठी जोडप्याची कमाल बेरीज 85 चालते, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी 90, चार ते आठसाठी 100. दर वर्षाला तुमची बेरीज दोनने वाढते. म्हणून ‘अजून एक आयव्हीएफ करून बघू, मग नोंदणी करू’ असं ढकलत राहू नका. उपचार थांबवायचे की नाही हे तुमचं दोघांचं, त्यात मी बोलणार नाही, पण मन दत्तकाकडे वळलेलं असेल तर नोंदणी लवकर करा. नोंदणीनंतर कागद चढवायला 30 दिवस असतात, म्हणून पॅन कार्ड, विवाह नोंदणी, उत्पन्नाचा दाखला, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि दोन परिचितांची पत्रं आधीच जमवून ठेवा. बऱ्याच जणांचं घोडं विवाह नोंदणीच्या दाखल्यापाशी अडतं.

आणि एकदा तरी घरात मोठ्या मुलाचा विचार बोलून बघा. पाच-सहा वर्षांची मुलं, भावंडांच्या जोड्या, थोडी वैद्यकीय गरज असलेली मुलं फारशी वाट न पाहता घरी येऊ शकतात. हे सगळ्यांना जमेलच असं नाही. ज्यांना जमणार नाही त्यांनी अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. पण ‘तान्हंच हवं’ हे तुमचं आहे की नातेवाइकांचं, एवढं तपासा.

आता अडीच लाखांचं. ताई, हे दत्तक नाही, ही मूल विकत घेण्याची गोष्ट आहे. बाल न्याय अधिनियमाच्या कलम 81 मध्ये विकणारा आणि विकत घेणारा दोघंही गुन्हेगार आहेत: पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड. मूल ज्याच्या ताब्यात आहे असा दवाखान्याचा कर्मचारी त्यात असेल तर त्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षं. वकील हिंदू दत्तक कायद्याचं, 1956 च्या, नाव घेईल. तो कायदा आहे, त्याखाली दत्तकपत्रंही होतात, विशेषतः नात्यात. पण त्यातही मूल देण्याचा अधिकार जन्मदात्या आई-वडिलांना किंवा न्यायालयाच्या परवानगीने पालकाला असतो, दवाखान्यातल्या बाईला नाही. आणि पैसे देणं-घेणं त्या कायद्यातही स्पष्ट मना आहे. या व्यवहारांत बहुतेक वेळा एक तर आईची सही खोटी असते किंवा जन्मदाखल्यावर थेट तुमचंच नाव प्रसूत झालेली म्हणून चढवलं जातं. नागपुरात अशा टोळ्या पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. तपास सुरू झाला की त्या बाईने विकलेलं एक-एक मूल शोधलं जातं. अशा एका घरातून बाल कल्याण समितीसमोर आणलेलं मूल मी पाहिलंय. दीड वर्षाची मुलगी, ‘आई आई’ म्हणत तिला वाढवणाऱ्या बाईंच्या साडीत तोंड खुपसत होती. बाईंनी तिला जिवापाड सांभाळलं होतं, पण हातात एकही खरा कागद नव्हता. मुलगी संस्थेत गेली. प्रेम कितीही असलं तरी चुकीचा कागद बरोबर होत नाही.

दुसरं असं की ही मुलं अठराची होतात. संस्थेतून आलेलं मूल सज्ञान झाल्यावर आपलं मूळ शोधायला अर्ज करू शकतं, आणि आईची गोपनीयता राखून जेवढं सांगता येईल तेवढं त्याला सांगितलं जातं. विकत आणलेल्या मुलाला कुणाकडे जायची सोयच राहत नाही. ते तुम्हालाच विचारेल, आणि तुम्हाला अडीच लाखांपासून सांगावं लागेल.

मावससासूबाईंशी भांडू नका, त्यांना तुमचं भलंच हवं आहे. त्यांच्याकडून फक्त एवढं काढून घ्या की त्या दवाखान्यात खरोखर कुणी अडचणीतली गरोदर बाई किंवा बाळंतीण आहे का. असेल तर तिला आज माणसांची गरज आहे. 1098 या चाइल्ड हेल्पलाइनच्या नंबरवर कळवा किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात सांगा. तुमचं नाव पुढे येईल याची भीती वाटत असेल तर तसं त्यांना आधीच बोलून ठेवा. तिला कायद्याने मूल स्वाधीन करता येतं, तिची ओळख झाकली जाते, आणि मन बदललं तर 60 दिवसांत परतही नेता येतं, हे तिला बहुधा कुणी सांगितलेलं नसेल. ते बाळ तुम्हाला मिळणार नाही, हे मनाशी धरूनच फोन करा. तुमच्या नोंदणीसाठी काराचा टोल फ्री नंबर 1800-11-1311. कागद चढवताना कुठे अडलात तर इथे लिहा, मी बघते.